‘बाई, त्याला नका विचारू’ : सामान्य वर्गातील दिव्यांग मुलाला शिकवताना

वाडीवरची_शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी हे दोन वर्ग एकत्र शिकवते. शाळेचा पट ३१ आहे. तिसरीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असलेला एक मुलगा आहे. त्याचे खरे नाव येथे देत नाही. घरी त्याला सगळे दादू म्हणतात, तेच वापरते. त्याचा उजवा हात जवळजवळ चालत नाही. डाव्या हाताने तो पेन्सिल धरतो, पण एक अक्षर काढताना सगळे अंग ताठ होते. त्याचे बोलणे घरच्यांखेरीज फार कोणाला कळत नाही. आई रोज त्याला कडेवर घेऊन ओढ्यापलीकडून आणते आणि दुपारी परत नेते.

मागच्या महिन्यातील एक प्रसंग सांगते, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला आहे. पोषण आहाराची वेळ होती. चौथीच्या मुलांनी व्हरांड्यात ताटल्या मांडल्या आणि स्वयंपाकीण मावशी खिचडीचे पातेले घेऊन आल्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला दादू कोपराने माझा पदर ओढू लागला आणि ‘दोन, दोन’ असे काहीतरी म्हणू लागला. मला वाटले, त्याला दोन ताटल्या हव्या आहेत. मी ‘आधी एक संपव’ म्हटले, तेव्हा तो चिडला आणि मान वळवून ताटल्यांच्या रांगेकडे पाहत राहिला. शेवटी मी ताटल्या मोजल्या. त्या २५ होत्या, आणि त्या दिवशी हजर मुले होती २७. सकाळी मी हजेरी घेतली तेव्हा त्याने आकडा ऐकून ठेवला होता, ताटल्या बसल्या जागेवरून मोजल्या होत्या आणि वजाबाकीही केली होती. माझ्या नोंदवहीत मात्र दोन वर्षे त्याच्या नावापुढे ‘संख्याज्ञान १ ते २०’ एवढेच लिहिलेले आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वर्गात त्याला पाढ्यावरचा प्रश्न विचारला. तो उत्तर जुळवत असतानाच चौथीतला एक मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, ‘बाई, त्याला नका विचारू, त्याला त्रास होतो.’ हे वाक्य त्या मुलाने माझ्याकडूनच उचलले असणार. पहिलीत मी दादूला विचारत असे. विचारणे कधी थांबवले ते मला आठवत नाही. कोणी हिडीसफिडीस केली नाही, कोणी चिडवले नाही, उलट सगळे त्याला सांभाळूनच घेत होते, आणि तरीही तो वर्गात असून वर्गाबाहेर राहिला.

आता माझ्यापुढे अडचणी अशा आहेत. दोन वर्ग एकाच खोलीत असताना त्याच्या उत्तरासाठी थांबायचे कसे? मागच्या संकलित चाचणीत त्याची उत्तरपत्रिका मीच लिहिली आणि खरे सांगायचे तर श्रेणीही मायेपोटीच दिली, ते योग्य झाले का? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन पालकांनी ‘बाईंचा वेळ एकाच पोरात जातो’ अशी तक्रार केली आहे, आणि एका सदस्याने त्याला जिल्ह्याच्या गावी निवासी विशेष शाळेत घालण्याचे सुचवले आहे. त्याची आई मला विचारते, ‘बाई, तुम्ही सांगाल तसं करू.’ मी काय सांगावे?

फिरता_विशेष_शिक्षक

मॅडम, मी समावेशित शिक्षणात विशेष शिक्षक म्हणून मानधनावर काम करतो आणि माझ्या वाट्याला चाळीसहून अधिक शाळा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, कायमचे प्रमाण ठरेपर्यंत, प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले होते. माझ्या मोटारसायकलपर्यंत ती बातमी अजून पोहोचलेली नाही. हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. माझ्यासारखा माणूस आपल्या शाळेत महिन्यातून एकदा येईल, म्हणून दादूचे शिक्षण उरलेल्या दिवसांत आपल्याच हातून व्हायचे आहे, एवढे लक्षात यावे म्हणून सांगितले.

प्रथम तो कसा बसतो ते पाहा. सतरंजीवर आधाराविना बसलेल्या अशा मुलाची निम्मी शक्ती न पडण्यातच खर्च होते, आणि मग हात व जीभ दोन्ही अधिकच ताठरतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींचा आधार मिळेल असे बसवले, किंवा बेताच्या उंचीच्या खुर्चीवर कंबर अगदी मागे टेकवून पायांखाली पाट दिला, तर पंधरा मिनिटांत फरक दिसतो. दिव्यांगांसाठीच्या साहित्यवाटप शिबिरातून मिळालेली मोठी खुर्ची घरी धूळ खात असेल तर ती शाळेत आणवून घ्या. मात्र ती मापाची आहे ना, हे पाहून घ्यावे. वही घसरू नये म्हणून तिच्याखाली रबरी चटईचा तुकडा ठेवावा. पेन्सिलीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड जाड होते.

थांबण्याविषयी आपण विचारले आहे. जोडवर्ग, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग, ही येथे अडचण नसून सोय आहे. दादूला प्रश्न द्यावा, ‘तू तयार कर, मी चौथीला गणित घालून येते’ असे सांगावे आणि खरोखरच परत यावे. सगळा वर्ग आपल्या तोंडाकडे पाहत असला की या मुलांचे स्नायू आणखी आखडतात, त्यामुळे तो एकटा विचार करत असतानाचा हा वेळ त्याला फार उपयोगी पडेल. ‘या दोघांनंतर तुझी पाळी आहे’ असे आधी सांगून ठेवणे हीदेखील साधी पण हमखास चालणारी रीत आहे. तो बोलत असताना त्याचा शब्द आपण पूर्ण करू नये. उत्तर चुकले तर इतरांना सांगतो तसेच ‘चुकले, पुन्हा कर’ असे सांगावे.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर शून्य ते नऊ हे अंक मोठ्या चौकटींत, एकमेकांपासून मूठभर अंतरावर लिहा. तो डाव्या मुठीने चौकट दाखवील. केवळ ‘हो की नाही’ अशा प्रश्नांवर विसंबू नका, कारण त्यात निम्मी उत्तरे अंदाजानेही बरोबर येतात आणि मग त्याला काय येते ते आपल्याला कधीच कळत नाही.

चाचणीविषयी थोडे कठोर लिहितो, राग मानू नये. गणिताच्या चाचणीत गणित तपासायचे असते, हात तपासायचा नसतो. म्हणून त्याच्या वतीने कोणी लिहिले तर त्यात गैर काही नाही. लेखनिक आणि जादा वेळ या सोयी नियमांत बसणाऱ्याच आहेत. पण लिहिणाऱ्याने त्याने दाखवले तेवढेच लिहावे. मायेची श्रेणी ही ‘नका विचारू’चीच लेखी प्रत आहे. त्या श्रेणीमुळे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला वाटेल की सगळे ठीक चालले आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाविषयी आपल्या बैठकांत ‘दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, मोफत प्रवेश’ एवढेच बोलले जाते. त्यातील समावेशित शिक्षणाच्या व्याख्येला दोन भाग आहेत. दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील, हा पहिला. आणि शिकवण्याची व शिकण्याची व्यवस्था वेगवेगळ्या दिव्यांग मुलांच्या गरजेनुसार जुळवून घेतलेली असेल, हा दुसरा. आपल्याकडे पहिला भाग यू-डायसमध्ये, म्हणजे शाळेच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, भरला जातो आणि दुसऱ्यासाठी त्यात रकानाच नसल्यासारखे आपण वागतो.

निशब्दची_आई

ताई, वरच्या सरांचे म्हणणे पटते. तरीही विशेष शाळेचे नाव निघाले की सामान्य शाळा हरली, असा जो सूर लागतो त्याविषयी मला लिहायचे आहे.

माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. दुसरीपर्यंत ती आमच्या गावातील सामान्य शाळेत, पहिल्या बाकावर, कानाला यंत्र लावून बसत असे. यंत्र आवाज मोठा करते, पण पत्र्यावर पडणारा पाऊस, पंख्याची घरघर आणि चाळीस मुलांचा गलका हेही मोठे करते. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत, तेव्हा तिला ओठही दिसत नसत. तिने त्यावर स्वतःच उपाय शोधला होता: शेजारणीच्या वहीतले जसेच्या तसे उतरवून काढायचे. तिचे अक्षर इतके सुरेख झाले की शुद्धलेखनाला तिला नेहमी वरची श्रेणी मिळे. प्रगतिपत्रकावर दोन्ही वर्षे एकच शेरा होता, ‘शांत व आज्ञाधारक विद्यार्थिनी’. तिला त्या वहीतले एकही वाक्य कळत नव्हते, हे आम्हाला ती आठ वर्षांची झाल्यावर कळले.

मग आम्ही तिला कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घातले. आठ वर्षांचे मूल वसतिगृहात सोडून परतणे काय असते, ते लिहीत नाही. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा मी देवघरात पणत्या लावत होते. तिने माझा हात धरून थांबवले आणि हाताने एक खूण केली. मला ती येत नव्हती. तिने तीन वेळा केली, मग कागदावर लिहिले: ‘का?’ त्याआधी तिने आम्हाला कधी ‘का’ विचारले नव्हते, कारण विचारण्यासाठी तिच्यापाशी भाषाच नव्हती. ती भाषा तिला खुणांनी बोलणाऱ्या मुलांमध्ये मिळाली.

याच अधिनियमाच्या ३१ व्या कलमात ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पसंती हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्या दादूला सगळे ऐकू येते आणि कळते, म्हणून त्याची गोष्ट वेगळी आहे. मी तुमच्या जागी असते तर त्याला तिथेच ठेवले असते. शिवाय आपल्याकडील विशेष शाळा प्रवर्गनिहाय असतात. अंधांची, कर्णबधिरांची, मतिमंदांची, अस्थिव्यंगांची शाळा वेगवेगळी असते. समितीच्या सदस्यांनी सुचवलेली शाळा यांपैकी कोणती आहे, हे तरी कोणी विचारले आहे का? बोलणे अस्पष्ट असलेल्या हुशार मुलाला केवळ जागा रिकामी आहे म्हणून मतिमंदांच्या शाळेत बसवल्याचे मी पाहिले आहे.

सहा_ठिपके

मी पूर्ण अंध आहे. पाचवीपासून वसतिगृहात राहून सामान्य माध्यमिक शाळेत शिकलो. दिव्यांग मुलांना सामान्य शाळेत शिकवण्याची, म्हणजे एकात्म शिक्षणाची, जी योजना केंद्राने १९७४ मध्ये सुरू केली होती, तिच्या उत्तरार्धातला मी विद्यार्थी. मूळ प्रश्नातील ‘त्याला नका विचारू’ हे वाक्य वाचले आणि थेट शाळेच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो. खेळाच्या तासाला माझ्याकडे एक कायमचे काम होते: सगळ्या वर्गाच्या चपला राखणे. सर अतिशय सज्जन होते. मला ऊन लागू नये म्हणून ते मला पिंपळाखाली बसवत. पाच वर्षांत माझ्या हातात चेंडू आला नाही, आणि मी पळू शकतो हे मला महाविद्यालयात गेल्यावर समजले.

भूमितीच्या तासाला ‘तू जरा आराम कर’ असे सांगितले जाई. दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची मुभा होती. घरच्यांना आणि शाळेला ती फार मोठी सवलत वाटली, मलाही वाटली. मला भौतिकशास्त्र शिकायचे होते. अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने गुणपत्रिका चाळली आणि ‘गणित कुठे आहे?’ एवढेच विचारले. पाच वर्षे मिळालेल्या आरामाची किंमत मला त्या खिडकीवर कळली. पुढे कला शाखेतून पदवी घेऊन बँकेत लागलो, आयुष्य चांगले चालले आहे, तक्रार नाही. पण आलेख बोटांखाली कसा लागतो हे मी चाळिशीत, मुलीच्या पुस्तकावरून शिकलो.

याच्या उलट उदाहरण एकच आहे, म्हणून ते ठळक आठवते. भूगोलाच्या बाई पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून महाराष्ट्राची सीमा करीत, आणि नद्यांसाठी पातळ दोरा. त्र्यंबकेश्वराजवळ एक गाठ मारलेली असे. तिथून बोट ठेवायचे आणि पैठण, नांदेड करीत पुठ्ठ्याच्या काठापर्यंत जायचे. वर्गात त्या मला हटकून अवघड प्रश्न विचारत आणि उत्तर आले नाही की इतरांसारखेच उभे करीत. तासभर उभे राहण्याची शिक्षा मिळाल्याचा आनंद होणारा त्या वर्गात मी एकटाच असेन.

शहरी_पालक

सर्वांची भावना समजते, पण एक बाजू मांडली गेलेली नाही. माझी मुलगी शहरातील शाळेत सातवीत आहे. तिच्या वर्गात ६२ मुले आहेत. त्यात स्वमग्न (ऑटिझम) असलेला एक मुलगा आहे. आवाज वाढला की तो कान झाकून ओरडत वर्गाबाहेर धावतो आणि शिक्षिका त्याच्यामागे धावतात. तास तिथेच संपतो. शाळेकडे मदतनीस नाही. आम्ही काही पालकांनी हे बोलून दाखवले, तर आम्हालाच निर्दय ठरवले गेले. मूळ प्रश्नातील दोन पालकांनाही असेच वाटत असेल.

फिरता_विशेष_शिक्षक

आपल्याला कोणी निर्दय म्हणू नये, आपले नुकसान खरे आहे. मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. ६२ मुलांच्या गलक्यात त्या मुलाला कान झाकावे लागतात, यात त्याच्याइतकीच आपल्या मुलीचीही तक्रार आहे. फक्त तो ती मोठ्याने करतो. मदतनीस आणि छोटा वर्ग यांची मागणी आपण पालकांनी लेखी केली तर तिचे वजन त्या मुलाच्या एकट्या आईच्या अर्जापेक्षा कितीतरी अधिक पडेल. तोवर आवाज वाढण्याआधी त्याला निवांत जागी जाऊन बसण्याची खूण ठरवून देणे, तासांचे चित्रमय वेळापत्रक भिंतीवर लावणे, एवढे तरी शाळेला करता येईल. सगळे यानेच सुटेल असे मी म्हणणार नाही. काही दिवस असे येतात की त्या दिवशी कोणाचेच शिकणे होत नाही.

वाडीवरची_शिक्षिका

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे आभार. निशब्दच्या आईंनी सांगितल्याप्रमाणे चौकशी केली. सुचवलेली शाळा कर्णबधिरांची निघाली. समितीत तो विषय तेथेच थांबला. दादूच्या आईला मी सांगितले की तो इथेच राहू द्या, पण कडेवर आणण्याचे फार दिवस उरलेले नाहीत, तो वाढतो आहे. त्याला शाळेत आणण्या-नेण्यासाठीच्या मदतनीस भत्त्याचा अर्ज तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे दिला आहे. स्वच्छतागृहाच्या तीन पायऱ्यांजागी उतार करण्यासाठी ग्रामपंचायतीला पत्र दिले. उत्तर आलेले नाही. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांनी तोवर फळी टाकून दिली आहे. ते तक्रार करणाऱ्या दोघांपैकीच एक आहेत. त्यांचे मत बदलले असे मात्र समजू नका, फळी टाकतानाही ते तेच बोलत होते.

पुठ्ठ्याची अंकपट्टी केली. पहिले चार दिवस त्याने तिला हात लावला नाही. त्याला वाटले असावे, हे आणखी एक खेळणे. पाचव्या दिवशी मी ३८ आणि ४७ ची बेरीज दिली आणि चौथीकडे गेले. परत आले तेव्हा त्याची मूठ पाचावर होती आणि तो माझी वाट पाहत होता. ‘एककाचे झाले, दशकाचे दाखव’ म्हटल्यावर त्याने मूठ सातावर नेली. हातचा विसरला होता. मी ‘चुकले’ म्हटले. तो एवढा मोठ्याने हसला की दोन्ही वर्ग माझ्याकडे पाहू लागले. मग आठ दाखवला.

आता सत्र संपत आले आहे आणि वर्णनात्मक नोंदी लिहायच्या आहेत. जुन्या नोंदीत ‘संख्याज्ञान १ ते २०’ आहे. ती खोडून काय लिहू?

फिरता_विशेष_शिक्षक

जुनी नोंद खोडू नका, तारीख घालून तिच्याखाली नवी लिहा. ‘प्रगती समाधानकारक’, ‘प्रयत्न करतो’ असे काहीही नको. पुढच्या वर्षी दुसरे कोणी शिक्षक आले तर त्यांना पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल असे लिहावे. उदाहरणार्थ: ‘अंकपट्टीवर मुठीने दाखवून दोन अंकी संख्यांची बेरीज करतो. हातचा विसरतो, चूक दाखवली की स्वतः दुरुस्त करतो. ऐकलेली संख्या लक्षात ठेवून वजाबाकी तोंडी करतो. उत्तरासाठी वेळ लागतो, तेवढा वेळ जवळ उभे राहू नये. कोपऱ्यात, पाठीला आधार देऊन बसवावे. लेखनासाठी लेखनिक लागतो. रोज किमान दोन प्रश्न विचारावेत.’